वाळवणाच्या गच्चीवरची वीज

चिकलठाण्याच्या कारखान्यात विजेचा वापर कमी करणं हे माझं काम. शहर धूरमुक्त कसं करावं यावर मी तिथं तासभर बोलते आणि लोक माना डोलावतात. पडेगावातल्या आमच्या घरावर सौर पॅनल बसवायचं म्हटलं, तेव्हा मात्र आईनं एका वाक्यात विषय संपवला.

"तुझ्या काचा कुठंबी लाव, माझ्या गच्चीवर नाय."

कारण वाळवण. शेजारच्या घरांवर पत्रे, त्यामुळं उन्हाळा लागला की अख्ख्या गल्लीचे पापड-कुरडया आमच्याच गच्चीवर. पिशोर गावाहून आलेल्या आईनं या परक्या गल्लीत माणसं जोडली ती इथंच. गच्ची गेली तर बायका कशाला येतील, ही तिची धास्ती. माझं डोकं फिरलं. इथं ऊन वर्षागणिक वाढतंय आणि तुला कुरडयांचं पडलंय, म्हणाले.

"ऊन वाढलं म्हणती, अन् त्या उन्हात बसणाऱ्या बाया दिसंनात व्हय तुला?"

दुसऱ्या दिवशी वर गेले, तर उडदाचे पापड उन्हानं तडकू नयेत म्हणून बायकांनी जुन्या साड्या बांधून सावली केलेली. घामानं निथळत त्या लाटत होत्या. मी तिथंच बसून मांडणीचा नकाशा बदलला. पॅनल डोक्याच्या वर, आणि कुरडयांच्या उन्हासाठी एक कड मोकळी. आईनं तो निरखून बघितला आणि लाव म्हणाली. बसवणारा कुरकुरला, एवढं उंच कुणी करत नाही म्हणे. "आम्ही करतो," मी म्हणाले. सांगाडा वाऱ्याला पुरेल असा भक्कम करून घेतला.

या उन्हाळ्यात बायका पॅनलच्या सावलीत लाटायला बसल्या. येता-जाता लांब काठीला बांधलेल्या फडक्यानं काचांवरची धूळही पुसू लागल्या, कुणी सांगितलं नव्हतं.

परवा पलीकडच्या गल्लीतली मंडळी पॅनल बघायला आली. विजेच्या शेगडीला आजवर खेळणं म्हणणाऱ्या आईनं भरदुपारी तिच्यावरच कढई ठेवली आणि कुरडयांचं ताट त्यांच्यापुढं सरकवलं.

"उन्हानंच वाळवली, उन्हानंच तळली. माझ्या पोरीचं डोकं हाय हे."

कारखान्यात मला टाळ्या कमी मिळाल्या नाहीत, पण एवढी ताठ मान कधी झाली नव्हती. तरी मी म्हणाले, "पॅनल उंच गेले ते आईमुळं."

"व्हय," आई कुरडई उलटत म्हणाली, "ते बी सांग त्यांना."