रेगिस्तानातली तळी

गिरडच्या पलीकडे एक उजाड बरड आहे. आमच्याकडचे बकऱ्यावाले त्याला रेगिस्तान म्हणतात. उन्हाळ्यात बसच्या खिडकीतून मी ते कितीदा तरी पाहिलं होतं. लाल मुरूम, गोल गोल दगड, मधेच एखादं हिवराचं झाड. तिथं तळी आहेत असं कोणी म्हटलं असतं, तर त्या माणसाशी मी पुन्हा व्यवहार केला नसता.

मी बकऱ्यांचा धंदा करते. घरामागे बांधलेल्या एका बकरीवर सुरू केला, कोणी हात दिला नाही. आज समुद्रपूरच्या बाजारात माझा आवाज ऐकून लोक बाजूला सरकतात. आणि हा आवाजच माझं दुखणं आहे. बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलायचा नसतो. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वरून दुपट्टा टाकतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, एका बोटाला एक हजार. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. पण परक्या बाईचा हात भर बाजारात धरायचा कसा, म्हणून माझा हात कोणी धरत नाही. मला भाव मोठ्यानं सांगावा लागतो. बाजूचा व्यापारी तो ऐकतो, त्यावर जरासं चढवतो आणि दुपट्ट्याखाली सौदा उरकून घेतो. इतकी वर्षं माझ्या तोंडचा भाव फुकटात ऐकून लोकांनी पक्की घरं बांधली.

एका म्हाताऱ्याचे पैदाशीचे दोन बोकड असेच माझ्या हातून गेले. झडीच्या दिवसांत काळ्या मातीचा चिखल खुरांत भरतो, खूर सडतात, सगळा बाजार लंगडत असतो. या म्हाताऱ्याची जनावरं मात्र टकटक चालत येतात. दुसरा बोकड गेला तेव्हा मी चिडून त्याला विचारलं, "मामा, तुमच्याच बकऱ्या काऊन नाई लंगडत?"

"रेगिस्तानात राह्यते बाई त्या. तळ्यावर."

"रेगिस्तानात कुठचं आलं तळं?"

"येऊन पाह्यजो."

त्यानं मला वाटेला लावण्यासाठी म्हटलं होतं. मी ते धरून ठेवलं. एक तर मला ती तळी पाहायचीच होती, दुसरं म्हणजे तिथं बाजार नव्हता, चोरून ऐकणारे कान नव्हते. त्या वेळी त्याच्याकडे त्याच जातीचा एक तरुण बोकड तयार होत होता. तो मला हवा होता, आणि हात धरून हवा होता.

धाकटी जाऊ माझ्याबरोबर निघाली. घरात झडीनं कपडे वाळत नव्हते, तिला कंटाळा आला होता. माझ्या लेकीची कॉलेजची पाठपिशवी तिनं भरली: पोळ्या, ठेचा, मेणकापड, दोन चादरी, बॅटरी, म्हाताऱ्यासाठी चहापत्ती आणि साखर.

"ताई, आपण फिरायले चाललो का भांडायले?" तिनं गिरडला बसमधून उतरताना विचारलं.

"आधी फिरू."

पाऊस थांबत नव्हता. शेतांच्या कडेनं चालताना काळी माती चपलांना धरून बसली, पाय उचलवेना. दर थोड्या अंतरावर काडीनं चप्पल खरवडायची आणि पुढं जायचं. मग एका धुऱ्यानंतर, शेताच्या बांधापलीकडे, माती संपली. अगदी कापल्यासारखी संपली. पुढं मुरूम, आणि पाय एकदम हलके. चपलांवरचा चिखल आपोआप धुऊन गेला. मी खाली बसून मुरूम हातात घेतला. इतका पाऊस पडूनही तो चिकटत नव्हता. बकऱ्यांच्या खुरांचं अर्धं कोडं तिथंच सुटलं.

पण मग पाणी जातं कुठं? उतारावरून ते स्वच्छ, नितळ वाहत होतं, आम्ही त्याच्या मागं चालत राहिलो. मोबाइलची रेंज गेली. तिसऱ्या टेकाडावरून खाली पाहिलं तर खडकाच्या खळग्यात तांबडं तळं, त्याच्या पलीकडे दुसरं, आणि दूर जुन्या गिट्टीखदानीत तिसरं, पावसाच्या थेंबांनी उकळत असल्यासारखं. जाऊ म्हणाली, "बाप्पा! हे कोणी ठेवलं इथं?"

पहिल्या तळ्यात मी हात घातला तर बोटांभोवती बारीक, काचेसारखे किडे पोहू लागले. झिंग्यांसारखे, पण उलटे, पोट वर करून. उन्हाळ्यात याच खळग्यात नुसत्या भेगा असणार. मग हे कुठून आले? ढगातून पडले की मुरमात झोपून होते? मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी मी बोकड विसरून किती तरी वेळ तिथं उकिडवी बसले होते.

म्हाताऱ्याचं पाल दुसऱ्या तळ्याच्या काठावर होतं. बकऱ्या सपाट खडकावर दाटीनं उभ्या होत्या, खालून पाणी वाहून जात होतं. आम्हाला पाहून म्हातारा दचकला. त्याच्या म्हातारीनं मात्र लगेच चूल फुंकली. चहा झाल्यावर मी बोकडाची गोष्ट काढली.

"सौद्याचं बाजारात," म्हातारा म्हणाला.

"बाजारात तुम्ही हात देत नाई, मामा. इथं कोण पाहून राह्यलं?"

"मी तं पाहून राह्यलो."

माझा पारा चढला. इतक्या पावसात, इतकं चालून! जाऊनं माझा दंड धरला. तेवढ्यात म्हातारी धुरातून म्हणाली, "बकऱ्या कोणाच्या हाये ते तं विचार याले."

त्या तिच्या होत्या. माहेराहून दोन पाठी, कोवळ्या बकऱ्या, घेऊन आली होती, त्यांचाच हा कळप. भाव ती ठरवायची, बाजाराच्या आदल्या दिवशी तळ्यावर. म्हातारा तो फक्त दुपट्ट्याखाली नेऊन पोचवायचा. ती स्वतः कधी बाजारात गेलीच नव्हती.

"मंग मावशी, तुम्हीच द्या हात," मी म्हटलं.

"सकाळी," ती म्हणाली. "बोकड उजेडात पाह्यजो आधी."

रात्रभर मेणकापडावर पाऊस आणि बेडूक. सकाळी मी बोकडाचे दात पाहिले, खूर पाहिले, त्याला तळ्याभोवती एक चक्कर चालवलं. म्हातारी खडकावर माझ्यासमोर बसली, पदर मोठा केला आणि त्याखाली हात पुढं केला. तिचा हात ओला, खरखरीत होता. मी तिची बोटं धरली. तिनं माझी धरली, शेवटी बोटाचं एक पेर दाबलं. मी मान हलवली. तिनंही हलवली. सौदा झाला.

"किती झाला?" जाऊला राहवेना. "दोघी एकदम सांगा."

आम्ही दोघींनी एकदम आकडा सांगितला. दोन आकडे वेगळे निघाले.

पेर दाबलं की अर्धा हजार वर, असं ती समजत होती. मी समजत होते अर्धा हजार कमी. आयुष्यभर दुपट्ट्याबाहेर उभं राहून, माणसांच्या खांद्यांची हालचाल पाहून मी तो हिशेब जुळवला होता. तिनं नवऱ्याच्या गप्पांतून. खरा काय, दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"मामा, पेर दाबलं तं काय होते?" मी ओरडून विचारलं.

म्हातारा बकरीचं दूध पिळत होता. वर न पाहता म्हणाला, "हे सांगत नसते."

शिवी माझ्या ओठांवर आली होती. पण म्हातारी म्हणाली, "नको सांगू. आपलं आपण ठरवू." आणि आम्ही ठरवलं. पेर दाबलं तर अर्धं वर. नख दाबलं तर अर्धं खाली. तळहात खाजवला तर नाई म्हणजे नाई. मग पुन्हा पदर. तिनं पेर दाबलं, मी नख. तिनं तळहात खाजवला. मी आणखी एक बोट धरलं. आवाज न काढता मी इतकी भांडले नव्हते कधी. म्हातारी हसत सुटली, "इतकी मजा येते व याच्यात! म्हणून हे माणसं दिवसभर बाजारात राह्यते!"

सौदा झाला. पैसे तिनं माझ्याकडून पदराखालीच घेतले आणि कमरेच्या पिशवीत टाकले. म्हातारा हात पुसत आला. "कितीत देल्ला?"

"हे सांगत नसते," म्हातारी म्हणाली.

परतताना बोकड मुरमावरून टकटक चालला आणि काळ्या मातीच्या कडेला आल्यावर थांबला. ओढलं, ढकललं, पाऊल टाकेना. शेवटी आम्ही लांबच्या डांबरी रस्त्यानं गेलो आणि जाऊ वाटभर मला विचारत राहिली. तिलाही मी सांगितलं नाही.

बाजारात अजून माझा हात कोणी धरत नाही. त्याचा राग गेलेला नाही, जाणारही नाही. पण म्हातारा दर बाजाराला माझ्याजवळ येतो आणि हळूच विचारतो, "बाई, कितीत झाला होता तो?"

"दुपट्टा आणा मामा," मी मोठ्यानं म्हणते. "मंग सांगीन."

तो खांद्यावरचा दुपट्टा काढतो. हातात धरतो. आजूबाजूच्या व्यापाऱ्यांकडे पाहतो. मग घडी घालून परत खांद्यावर ठेवतो. मागच्या बाजारी मात्र घडी घालायला त्याला बराच वेळ लागला.