शिंगाळ्याचा काटा

पनवेलच्या मासळी बाजारात चंद्रावतीबाईंशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतः वीस वर्षं हरतो आहे.

मी हायस्कुलात इतिहास शिकवायचो, त्यामुळे बोलण्यात आपला हात कोणी धरणार नाही असा माझा समज होता. तो त्यांनी पहिल्याच रविवारी मोडीत काढला. मी चष्मा नाकावर ओढून पापलेटाचे कल्ले उघडून बघत होतो. बाई म्हणाल्या, "मास्तर, मासा तपासता का पेपर? पास करा नि घेऊन जा." आजूबाजूची सगळी गिऱ्हाइकं हसली. तेव्हापासून मी दुसरीकडे मासळी घेतलेली नाही. अपमान व्हायचाच असेल तर तो ओळखीच्या माणसाकडून झालेला बरा.

बाई मूळच्या उरणकडच्या खाडीकाठच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि सासूच्या मागे टोपली घेऊन बाजारात बसू लागल्या. सासू गेली, पण तिची जागा, तिचा पाट आणि तिचा कोयता तसेच राहिले. मुलगा तळोज्याला कारखान्यात पाळीवर जातो. त्याने "आई, आता पुरे" म्हटलं की त्या म्हणतात, "मी घरी बसले तर तुज्या बायकोला तरास." बाजारात रोज पहाटे माल घ्यायचा, निवडायचा, साफ करायचा आणि आठ वाजता आम्ही डोळे चोळत पिशव्या घेऊन पोचलो की आमची फिरकी घ्यायला मोकळ्या.

माझी मुलगी अनुया पुण्याला पीएचडी करत होती. विषय हाडांचा. हजारो वर्षांपूर्वी माणसं कोणती जनावरं मारायची, कोणती पाळायची, त्यांच्या हाडांची अवजारं कशी करायची, हे ती उत्खननात सापडलेल्या तुकड्यांवरून शोधायची. तिचा आणि तिच्या सरांचा हात गाई-बैल नि हरणांवर बसलेला. कोकण किनाऱ्याजवळच्या एका टेकाडातून आलेल्या पेटीत तिला २०१२ साली एक वस्तू मिळाली. बोटाएवढी, एक टोक अणकुचीदार, दुसरं टोक जाड आणि त्या जाड टोकात गोल भोक. हाड घासून, भोक पाडून माणसाने केलेली सुई! तिच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या सुईवर उभं राहिलं, आणि एका सोमवारी पुण्याच्या परिषदेत त्यावर निबंध वाचायचं ठरलं.

सुई तिला सापडली, पण मिरवली मी. नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरात माझ्या तोंडून सुईबद्दल न ऐकलेला माणूस फक्त बहिरा असणार. माझी बायको वसुंधरा म्हणायची, "अहो, निदान दूधवाल्याला तरी सोडा." राहता राहिल्या चंद्रावतीबाई. अनुया आदल्या शनिवारी घरी आली तेव्हा मी तिला सुईच्या मोठ्या छापील फोटोसकट बाजारात ओढत नेलं. आयुष्यात एकदा तरी त्या बाईला गप्प करायचं, एवढाच माझा हेतू होता.

बाईंनी फोटो हातात धरला. पानभर मोठा.

"बाप रे! येवढा मोठा शिंगाला मासा कुठं गावला?"

अनुया हसली. "मावशी, फोटो मोठा केलाय. खरी वस्तू बोटाएवढीच आहे. हाडाची सुई आहे ती, खूप जुनी."

"हाडाची कुठली? शिंगाल्याच्या पाठीवरचा काटा हाय हा."

"पण हे भोक बघा ना. ते माणसानं पाडलंय."

बाईंनी वाकून पाटाखालच्या कचऱ्यात हात घातला, एक ताजा काटा उचलला, फडक्याला पुसला आणि अनुयाच्या नाकासमोर धरला. जाड बाजूला गोल, सुबक भोक होतं.

"आता ह्ये कोनी पाडलं? मी तरी नाय पाडलं."

अनुयाने काटा फोटोशेजारी धरला. आकार तोच, भोकाची जागाही तीच. तिचा चेहरा पडला आणि ती चक्क रडायला लागली, तिथेच, सुरमईच्या ढिगापाशी. "मावशी, मी लहानपणापासून शिंगाळा खातेय. हा काटा मी कधी पाहिलाच नाही."

"दिसंल कसा? तुमी यायच्या आदी आमी तोडून टाकतो. हाताला लागला तर दोन दिस ठनकतो."

मला भयंकर राग आला. खरं तर तो माझाच मला आला होता, पण काढला बाईंवर. "परवा तिला पाच-पन्नास विद्वानांसमोर बोलायचंय. तुम्हाला हे आजच सांगायचं होतं?"

"मंग काय मंगलवारी सांगू?"

मी कोलंब्यांकडे बघत उभा राहिलो. बाई मात्र फोटोतल्या भोकाच्या कडेवरून नख फिरवत होत्या.

"रडू नको गं," त्या म्हणाल्या. "सुई हाय ही."

त्यांनी टोपलीवरच्या गोणपाटात खोचलेली एक पिवळी पडलेली वस्तू उपसून काढली. तोही शिंगाळ्याचाच काटा होता, पण त्याच्या भोकात सुतळी ओवलेली. "सासूची हाय. गोनी फाटली का आमी हिच्यानंच शिवतो." मग त्यांनी नखाने दाखवलं. ताज्या काट्याच्या कडेला करवतीसारखे दाते होते आणि भोक पुरतं गोल होतं. सासूच्या काट्याचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते आणि भोकाच्या एका कडेला सुतळी ओढून ओढून खाच पडली होती. फोटोतल्या काट्यालाही तशीच खाच होती. "भोक देवानं पाडलं. खाच बाईमानसानं."

अनुयाने डोळे पुसले. "मावशी, ही सुई मला दोन दिवस द्या."

"नाय बा. हरवलीस तर?"

"हरवणार नाही, शपथ."

"शपथ नको. मास्तरांचा चष्मा ठेवून जा."

मी खूप आरडाओरडा केला, पण माझी मुलगीच माझ्या नाकावरून चष्मा काढत असेल तर बाप काय करणार! रविवारी अनुयाने निबंध पुन्हा लिहिला आणि मी बिनचष्म्याचा बाजारात गेलो. बाई माझा चष्मा घालून बसल्या होत्या. "या मास्तर, आज तपासा की बोंबील." मी डोळे झाकून बोंबील घेतले. घरी गेल्यावर वसुंधरा म्हणाली, इतके ताजे बोंबील तुम्ही जन्मात आणले नव्हते.

सोमवारी अनुयाने उभं राहून आधी आपली चूक सांगितली. "ही सुई माणसाने घडवलेली नाही; घडवलेली आहे असं मी घाईने समजले." थोडी खसखस पिकली. मग तिने दोन्ही काट्यांच्या खाचा पडद्यावर शेजारी शेजारी दाखवल्या आणि खसखस थांबली. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तुलनेचा नमुना कुठला म्हणून विचारलं. "चंद्रावतीबाई, मासळी बाजार, पनवेल," असं तिने सांगितलं. पुढे प्रबंधातही ते नाव तसंच छापलं गेलं.

मंगळवारी आम्ही दोघं सुई परत करायला गेलो.

"काय म्हनले मोठे लोक?"

"म्हणाले, तुमचं बरोबर आहे."

"मंग येवढं इचारायला पुन्याला कशाला गेलीस?"

माझा चष्मा मिळाला, त्याला दोन खवले चिकटलेले. बाईंनी सुई गोणपाटात खोचली आणि त्यांचा हात मध्येच थांबला.

"ती तुमची सुई मातीत गावली ना?"

"हो."

"म्हंजे तिची हरवली. मंग तिनं कशानं शिवलं?"

तीस वर्षं मी वर्गात आदिमानव शिकवला. त्याला भाला दिला, विस्तव दिला, गुहा दिली. त्याच्या घरातली एखादी बाई सुई हरवली म्हणून दिवसभर जमीन चाचपत बसली असेल, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. एक शिंगाळा पाटावर घेतला, पाठीवरचा काटा कोयत्याने उडवला, पण या वेळी पाटाखाली टाकला नाही. कागदात गुंडाळून मासळीबरोबर माझ्या पिशवीत ठेवला.

"जपून न्या, मास्तर," त्या म्हणाल्या. "हाताला लागतो."