चोरीस गेलेली दवंडी

त्या ढोलाची हकिगत आठवली की आजही माझा टाक दौतीवरच थांबतो आणि समोर बसलेला अर्जदार विचारतो, "दादा, काय झालं?" मी त्यास सांगतो की काही नाही, मजकूर जुळवीत आहे. माझे शिक्षण मराठी तिसरीच्या पुढे गेले नाही. परंतु जव्हार संस्थानच्या पोलीस खात्यात मी शिपायाचा फौजदार झालो तो लेखणीच्या जोरावर, आणि घाटात घोड्यावरून पडून पाय अधू झाल्याने मुदतीपूर्वी निवृत्त झाल्यावर कचेरीसमोर अर्ज लिहून जो मान राखून आहे तोही तिच्याच जोरावर. तेव्हा ही हकिगत लिहिण्यास मजहून योग्य मनुष्य या गावी दुसरा नाही. नावे मात्र कोणाचीही घेणार नाही.

भाताची झोडणी उरकून थंडी पडली होती. सकाळची हजेरी झाली होती, शिपाई बंदुका पुसत बसले होते आणि मी रोजनाम्यास हात घालणार इतक्यात कचेरीचा दवंडीवाला ठाण्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. उंच, हाडकुळा, आवाज असा की शिरपामाळावरून ओरडला तर खालच्या दरीत ऐकू जावा. त्या दिवशी मात्र तो पुटपुटत होता. फिर्याद अशी की, सरकारी ढोल घरातून चोरीस गेला.

एका ढोलासाठी एवढे काय, असे वाचकांस वाटेल. परंतु संस्थानात कोणताही हुकूम ढोल वाजवून पुकारल्याखेरीज लागू होत नसे, आणि एकदा पुकारला की 'मी ऐकला नाही' ही सबब चालत नसे. त्या वेळी जामसरच्या पलीकडील एका पाड्याचा डोंगर बंद जंगलात घेण्याचा हुकूम तयार होता. हरकत असलेल्या रयतेने दवंडीनंतर ठरावीक मुदतीत कचेरीत यावे, नकाशा पाहावा आणि म्हणणे मांडावे, असे हुकुमातच लिहिले होते. ढोल नाही म्हणून दवंडी नाही, आणि दवंडी नाही म्हणून हुकूम नाही. कचेरीचे शिरस्तेदार स्वतः ठाण्यात आले आणि पुकारण्याचा कागद माझ्या तपासाच्या कागदांस जोडून म्हणाले की, ढोल मोखाड्याकडे इंग्रजी हद्दीत जाण्याच्या आत हजर करा.

मी फिर्यादीचा जबाब घेतला. ढोल कोठे होता? आढ्याला टांगलेला. दोर तुटला होता काय? नाही, गाठ सोडलेली होती. कुत्रे भुंकले? नाही. माझा एक अनुभव येथे नमूद करतो. ज्याची वस्तू खरोखर गेली आहे तो मनुष्य आधी त्या वस्तूचे गुण सांगतो आणि मग चोरास शिव्या देतो. या मनुष्याने चोरास एकही शिवी दिली नाही. मी ते रोजनाम्यात लिहिले नाही, मनात ठेवले.

खबर दिली ती एका कासारणीने. ती पाड्यापाड्यांवर काकणे भरीत फिरे. बाजारात शिपायाजवळ ती सहज बोलून गेली की, जामसरच्या पलीकडे लग्न नाही, होळी नाही, आणि ढोल मात्र वाजला; तोही नाचाचा नव्हे, कचेरीचा ठेका. दुसऱ्या दिवशी शिपाई, दोन पंच आणि मुद्देमालाची ओळख पटविण्यासाठी दवंडीवाला, असे आम्ही निघालो. वाटेत तो सर्वांच्या मागे चालत होता. चोरीचा माल परत मिळणार असला की फिर्यादी पुढे धावतो, हाही माझा अनुभव आहे.

पाडा लहान. नागलीची कणसे वाळत घातलेली, कोंबड्या पायांत येणाऱ्या. मी सर्वांस अंगणात बसविले आणि दरडावून विचारले की ढोल कोणी आणला. माझ्या नोकरीत गुन्हा नाकबूल करणारे पुष्कळ पाहिले. येथे उलटच झाले. एक शेतकरी उठून म्हणाला, मी आणला. दुसरा म्हणाला, नाही, मी. त्यावर तिसरा बसल्याजागी बोलला, "त्याला घरची कोंबडी धरता येत नाय, तो ढोल काय धरील? लिव, मीच." अंगणात हशा पिकला. माझा शिपाईही हसला, त्यास मी डोळ्यांनी दाबले.

तेवढ्यात कुडाच्या आतून आवाज आला, "पोलीसदादा, आत ये. वाकून ये, आढं खाली हाय."

आमच्या डोंगरात वडीलधारी माणसे कोणासही 'तू'च म्हणतात. त्यात अनादर नसतो. राजेसाहेबांसही ती तसेच बोलतील. आत एक म्हातारी चुलीपाशी बसली होती. सगळा पाडा तिला आक्का म्हणे. चुलीच्या वर, धुराच्या उबेत, सरकारी ढोल टांगलेला होता. त्याच्या टिपऱ्या फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवल्या होत्या. दहिवराने कातडे सैल पडू नये म्हणून वर टांगला, असे तिने मी न विचारताच सांगितले. मग माझ्यापुढे पेजेचे मडके सरकवले.

"हा ढोल चोरीचा आहे, ठाऊक आहे ना?" मी म्हणालो.

"चोरीचा नाय. ठेवलाय."

"कोणी ठेवला?"

"ज्याचा हाय त्यानं."

मी मागे वळून पाहिले. दवंडीवाला दाराशी उभा होता आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरीत होता. तपास तेथेच संपला होता. पण काही तपास संपल्यावरच सुरू होतात.

आक्काने जे सांगितले ते थोडक्यात असे. जंगलाच्या रखवालदाराने तिला सांगितले होते की, बंद जंगलाची नवी रेघ मोहाच्या माळाच्याही पुढे येणार. आत पाऊल टाकता येणार नाही आणि झाडे ठेकेदार तोडील. ती रेघ खरोखर कोठे आहे हे पाहण्यासाठी ती चालत कचेरीत गेली. तेथे तिला उत्तर मिळाले की सरकारी नकाशा रयतेने पाहावयाचा नसतो, दवंडी झाली की कळेल. ती पुन्हा गेली, तेव्हाही हेच उत्तर. परंतु शेजारच्या पाड्यास दवंडी झाल्याचे कळले ते रखवालदाराने त्यांचे कोयते हिसकावून घेतले तेव्हा. कचेरीत विचारले तर सांगण्यात आले की, दवंडी झाली आणि मुदतही सरली.

"दवंडी झाली म्हणतात," आक्का म्हणाली, "पन ऐकली कुनी?"

"मी ऐकली, आक्का," दवंडीवाला दारातून बोलला. "मी आन् कचेरीमागल्या पिंपळावरच्या वटवाघळांनी."

मग तो घडाघड बोलू लागला. बाजार नसेल त्या दिवशी, भर दुपारी, कचेरीच्या मागील अंगणात त्यास दवंडी देण्यास सांगत आणि वर 'दवंडी दिली' असा शेरा होई. पावसापाण्यात पाड्यांवर जाई तेव्हा आक्काच्या ओटीवर तो अंग कोरडे करी, तिने वाढलेले खाई. तिच्या डोंगराची पाळी आली तेव्हा त्याचा हात ढोलावर पडेना. आपणहून येऊन सांगावे, तर ती दवंडी होत नाही, आणि दवंडीखेरीज कचेरी नकाशा दाखवीत नाही. म्हणून त्याने ढोलच आणून आक्काजवळ ठेवला आणि दवंडी थांबावी यासाठी चोरीची फिर्याद दिली. ढोल येथे पोचल्यावर पाड्यातल्या कोणी दवंडीचा ठेका वाजवून पाहिला, तो कासारणीच्या कानावर गेला.

मी आक्काला विचारले की मोहाच्या माळावर असे काय आहे. झाडे दुसरीकडेही आहेत.

तिने चुलीतले लाकूड पुढे सारले. "माझी पोर हाय तिथं. मोहाखाली. लहान होती, म्हनून पुरली. मोहाची फुलं पडतात तवा मी जाते, येचते, तिच्याशी बोलते. रेघ पडली तर मी कुठून जाऊ, एवढंच मला बघायचं होतं."

पेज निवून गेली होती. मी ती तशीच प्यालो.

बाहेर येऊन मी पंचनाम्यास बसलो. मुद्देमाल सापडला की त्याची ओळख पटवावी लागते. भांडे असेल तर खुणेवरून, बैल असेल तर शिंगावरून. ढोल आवाजावरून ओळखावा, असे माझ्या मनाने घेतले. मी दवंडीवाल्यास हुकूम केला की, ढोल तुझाच आहे हे पंचांसमक्ष नेहमीच्या रीतीने वाजवून सिद्ध कर. त्याने ढोल गळ्यात अडकवला. "नेहमीच्या रीतीने म्हणजे पुकाऱ्यासकट," मी म्हणालो आणि तपासाच्या कागदांतून शिरस्तेदारांचा कागद काढून वाचू लागलो. मी एक वाक्य वाचावे, त्याने ते पुकारावे. असा आवाज मी त्याचा पूर्वी ऐकला नव्हता. खळ्यावरची माणसे हातातले काम टाकून आली, बाया कडेवर पोरे घेऊन आल्या. ज्यांचा डोंगर त्यांनी त्या डोंगराचा हुकूम ऐकला. पंचनाम्यात मी लिहिले: सदर ढोल फिर्यादीने रीतीप्रमाणे वाजविला, हुकूम पुकारला, तो हजर रयतेने समक्ष ऐकला, ढोलाची ओळख पटली. खाली पंचांचे अंगठे घेतले. तसा पंचनामा पुन्हा माझ्या हातून उतरला नाही.

शिरस्तेदार कागद वाचून लाल झाले. म्हणाले, ही दवंडी नव्हे, ही ओळख. मी नम्रपणे उत्तर दिले की, दवंडी नसेल तर ओळखही पटली नाही, ओळख पटली नसेल तर सरकारी ढोल अद्याप बेपत्ता आहे, आणि ढोल बेपत्ता असता दवंडी कोठेही देता येणार नाही. शेवटी त्यांनी हुकुमावर 'दवंडी दिली' असा शेरा मारला. चोरीच्या गुन्ह्याविषयी मी शेरा लिहिला की, वस्तू फिर्यादीनेच स्वखुशीने ठेव म्हणून ठेवली, फिर्याद विस्मरणाने झाली, गुन्हा शाबीत नाही. तो शेरा आजही मला योग्य वाटतो.

बाजारच्या दिवशी पाडा कचेरीत आला, मीही तेथे हजर होतो. दवंडी झालेली, मुदत चालू. नाही म्हणण्यास जागा उरली नव्हती. कारकुनाने नकाशा बाकावर पसरला. आक्का त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारले, "यात उगवत कुठं?" कारकुनाने बोट दाखवले. तिने कडा धरून नकाशा असा फिरवला की त्याची उगवत खिडकीतल्या उगवतीसमोर आली. मग आपला ओहोळ तिला सापडला, ओहोळावरून पायवाट, पायवाटेवरून माळ. हिरवी रेघ माळाला गिळून पुढे गेली होती. तिने एका जागी बोट टेकले आणि उचलले नाही.

"इथं ती हाय," ती मला म्हणाली. "या कागदाला ठावं नाय. तू लिव."

मी पोलीस अंमलदार होतो, अर्ज लिहिणे माझे काम नव्हते. तरीही कारकुनाच्या दौतीत टाक बुडवून मी लिहिले. माझ्या आयुष्यातला तो पहिला अर्ज. पुढे संस्थानचे कारभारी साहेब स्वतः माळावर जाऊन आले आणि रेघ मोहाला वळसा घालून नेण्यात आली. कोणतीही दवंडी ज्या पाड्याची असेल तेथेच द्यावी, असाही हुकूम झाला. शिरस्तेदार माझ्याशी पुन्हा हसून बोलले नाहीत.

या प्रकरणाने मला शिकविले ते असे. लपविण्यासाठी कागदास कुलूप घालावे लागत नाही. तो जेथे कोणी नाही तेथे वाचला तरी पुरे. आणि कागद पाहावयास मागणारा मनुष्य बहुधा सरकारशी भांडण्यास आलेला नसतो. आपले माणूस कागदावर कोठे आहे, एवढेच त्यास पाहावयाचे असते.

आक्का पुढे दर साली मोह फुलण्याच्या आधी येई, नकाशा मागे, बोट टेकवी आणि निघून जाई. रेघ जागची हलली नाही, याची तिला खात्री करून घ्यावयाची असे. गेल्या साली ती आली नाही. तिच्याऐवजी दवंडीवाला आला, आता काठी टेकीत. आक्कालाही त्याच माळावर पोचवले, असे त्याने मला सांगितले. आता बघण्याचे काम आपल्याकडे आहे, म्हणाला. मी त्याच्याबरोबर कचेरीत गेलो. नवा कारकून होता, त्यास यातले काही ठाऊक नव्हते. परंतु त्याने का म्हणून विचारले नाही. नकाशा काढला, आणि कचेरीची जुनी रीतच असावी तसा, बाकावर पसरताना आपणहूनच उगवतीकडे फिरवला.