दाजींचा पंचनामा

चालू असलेली वस्तू अचानक बंद पडली तर ती ताबडतोब सुरू करू नये, असं मानणारा अख्ख्या मराठवाड्यात एकच माणूस होता आणि माझ्या थोरल्या बहिणीनं नेमकं त्याच्याशीच लग्न केलं. आमच्या या दाजींचं म्हणणं एवढंच, "आधी थांबलं कशानं ते सांगा. मग करा चालू." भर मे महिन्यात घरातला पंखा थांबला की पाहुणे वर्तमानपत्रानं वारा घेत बसत आणि दाजी स्टुलावर चढून पंख्याची उलटतपासणी घेत. कुणी बटणाकडं हात नेला की वरून ओरडत, "हात लावू नका, पुरावा जाईल!" जालन्याहून येताना एकदा करमाडजवळ एसटी बंद पडली. ड्रायव्हरनं खटपट करून ती चालू केली, तरी दाजी रस्त्यावर सांडलेलं तेल न्याहाळत उकिडवे बसलेलेच. "ओ चाचा, बैठते क्या नै?" असं दोनदा विचारून ड्रायव्हर निघून गेला. दाजी कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून संध्याकाळी घरी पोचले, ते मात्र अगदी खुशीत. कारण सापडलं होतं!

मूळचे ते सोयगावकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. शहराभोवती एकामागून एक कारखाने उभे राहत होते, त्या दिवसांत ते वाळूजच्या एका कंपनीत लागले आणि शिकत शिकत तिथल्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख झाले. मीही त्याच कंपनीत स्टोअरला होतो. काचेच्या एका थंडगार खोलीत युनिक्सवर चालणारं मोठं मशीन होतं आणि त्याला वायरीनं जोडलेली टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, खात्याखात्यांत ठेवलेली होती. दाजी चपला बाहेर काढून, कानाला मफलर गुंडाळून आत शिरत. मशीनवर चालू असलेल्या कामाला तिथं प्रोसेस म्हणत. एखादा प्रोसेस मध्येच मेला की दाजींचा चेहरा घरात काही विपरीत घडल्यासारखा होई.

त्यांच्या हाताखाली सुनंदा नावाची ऑपरेटर होती. कमी बोलणारी, कामाला चोख. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा गाव पेटलेलं होतं. कॅन्टीनमध्येसुद्धा माणसं कोण कुठं बसलंय ते बघून बसत. सुनंदा नामांतराच्या मोर्चात उघडपणे चालली होती आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

अशात एका थंडीच्या आठवड्यात सुट्या भागांची यादी काढणारा प्रोसेस लागोपाठ तीन दिवस अर्ध्यात मेला. हे काम चार-पाच तास चाले आणि मॅनेजरसाहेब ते रोज सकाळी आपल्या केबिनमधल्या टर्मिनलवरून हौसेनं स्वतः सुरू करत. यादी नाही म्हणून तिसऱ्या दिवशी जुळणीचं काम थांबलं. साहेब सगळ्यांसमोर दाजींना म्हणाले, "हुकूम देऊन प्रोसेस मारता येतो. पासवर्ड तुम्हा दोघांकडंच आहे. मोर्चात फिरणाऱ्यांचं कामात लक्ष कुठून असणार? उद्यापासून बाईंना मशीनवर बसवू नका."

सुनंदा उठली. बाहेर जाऊन बाकावर बसली.

"साहेब, एक दिवस द्या," दाजी म्हणाले. "कुणी मारला ते मीच सांगतो."

त्यांनी पंचनामा सुरू केला. प्रोग्राम स्वतःच्या चुकीनं कोसळला असता तर त्यानं मागं एक फाइल टाकली असती, ती नव्हती. डिस्कवर जागा भरपूर होती. मग त्यांनी कुठला प्रोसेस किती वाजता संपला याची मशीननंच ठेवलेली नोंद काढली. तिन्ही दिवस मृत्यूची वेळ एकच, एक वाजून काही मिनिटं.

"म्हंजी जेवणाच्या सुट्टीत," दाजी पुटपुटले आणि दुसऱ्या दिवशी बरोबर एकला डबा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साक्षीदार म्हणून मला ओढलं.

साहेबांना डॉक्टरांनी गरमच जेवायला सांगितलं होतं. बाईसाहेबांनी सोमवारीच विजेची छोटी शेगडी पाठवली होती. केबिनमध्ये प्लग एकच. आमच्या डोळ्यांदेखत साहेबांनी टर्मिनलची पिन उपसली आणि तिथं शेगडीची खुपसली.

"साहेब!" दाजी ओरडले. "सापडला!"

"अहो, हा तर नुसता टीव्ही. काम तुमच्या खोलीत चालतं ना?"

"व्हय, पण काम सुरू केलं हितून. टर्मिनल गेलं की मशीनला वाटतं माणूस उठून गेला. मग ते त्याचं कामबी बंद करतं." शेगडीवरच्या पिठल्याकडं बघत ते पुढं म्हणाले, "हुकमाच्या आधी एक शब्द घातला की टर्मिनल गेलं तरी काम चालू राहील. ते लई सोपं हाय. सुनंदाबाईचं काय करता?"

"सांगा त्यांना, बसा म्हणावं मशीनवर."

"मी नाय. बोलला तुम्ही."

पिठलं करपायला लागलं तरी दाजी हलेनात. शेवटी साहेब उठले, सुनंदा आजही बसली होती त्या बाकापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, चूक माझी होती." सुनंदानं मान हलवली. दाजींना तिनं पुष्कळ वेळानं विचारलं, "सर, तुम्हाला माझा एकदापण संशय आला नाही?" दाजी खरं बोलणारे. म्हणाले, "आला व्हता ना. म्हणून तर पहिल्यांदा तुझाच तपास केला. तू नव्हतीस." तेव्हा ती त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

सुनंदा पुढं पुण्याला मोठ्या हुद्द्यावर गेली, दाजी निवृत्त होऊन सोयगावला शेतावर. मागच्या हिवाळ्यात मी आणि सुनंदा दाजींना भेटायला गेलो. ऐकू कमी येतं आता. सुनंदाला त्यांनी आधी ओळखलं नाही. ओळखलं तेव्हा तिचा हात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. निघताना बांधापर्यंत सोडायला आले. "सावकाश जावा," म्हणाले. मी आरशात बघत होतो. गाडी वळेपर्यंत ते तिथंच उभे होते, हात वर केलेला, खाली घ्यायचा विसरून.