एकाच नंबरचे दोन कॅमेरे

लिहायला बसलोय खरा, पण हे माझं काम नव्हे. त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात साधं पत्रसुद्धा गुरुजींकडून लिहून घ्यायचे. कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मला सगळं कळतं असं घरचे धरून चालायचे, आणि जे कळलं नाही ते लपवायची मला सवय लागली.

दिल्लीत मी मामाकडे, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. कॉलेज सांभाळून करोल बागेतल्या एका दुकानासाठी कॅमेरे बसवायचो. नोएडात तेव्हा सेक्टरमागून सेक्टर कारखाने उभे राहत होते. प्रत्येकाला मान फिरवणारा कॅमेरा हवा होता.

एके दिवशी एका कपड्यांच्या कारखान्यात दोन बसवायचे होते. एक पुढच्या गेटवर, दुसरा मागे गोदामाच्या दारावर. गार्डच्या केबिनमधल्या जॉयस्टिकचे हुकूम एकाच वायरीतून दोघांकडे जायचे. कॅमेऱ्याच्या पोटात बारीक स्विच असतात. त्यांवर त्याचा नंबर आणि हुकूम ऐकायचा वेग, म्हणजे बॉड रेट, ठरतो. गेटवरचा तासाभराच्या खटपटीने हलला. मागचा काही केल्या हलेना. माहितीपुस्तक इंग्रजीत, मी शिडीवर, खाली कारखान्याचा मॅनेजर घड्याळ बघत उभा. शेवटी शाळेत शेजाऱ्याची गणितं उतरवायचो, तसे गेटवरच्या कॅमेऱ्याचे सगळे स्विच मी मागच्यात उतरवले. तो हलला.

केबिनमधले गार्डकाका फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. मी मराठी म्हटल्यावर त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली होती.

"जुळे भाऊ आणलेस की काय रे?" जॉयस्टिक हलवत ते हसले. "एकाला हाक मारली की दुसराही मान वळवतोय."

"नवीन आहेत, काका. रुळतील."

"बघ हां, इंजिनिअरसाहेब. मागच्या दारातनं काय गेलं तर नोकरी माझी जाणार. तुझी नाही."

मॅनेजरने सही केली. परतीच्या बसमध्ये मी पुस्तक पुन्हा उघडलं. प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा नंबर द्यावा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी दोघांना एकच दिला होता. गेटवर ट्रक आला की काका पुढचा कॅमेरा वळवणार, आणि त्याच क्षणी मागचाही गोदामाच्या दारावरून नजर काढून घेणार.

सोमवारी जाऊन स्विच बदलू, असं ठरवलं. सोमवारी प्रॅक्टिकल होतं. मग वाटलं, गेलो तर लालाजींना कारण सांगावं लागेल. लालाजी म्हणजे दुकानाचे मालक. काकांनी दुकानात दोनदा फोन केला, "उस मराठी लड़के को भेज दो." दोन्ही वेळा निरोप मिळाल्यावर मी हो म्हटलं, गेलो मात्र नाही. नंतर फोन येणं थांबलं. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटू लागली.

एका दुपारी मी दुकानात वायरी गुंडाळत होतो. लालाजी फोन ठेवून वळले.

"ओए, तेरे नोएडा वाले के गोदाम से माल चला गया. रिकॉर्डिंग में साफ़ है, ठीक उसी टाइम गार्ड ने कैमरा दूसरी तरफ़ घुमा दिया. पुलिस ले गई बुड्ढे को." मग माझ्या पाठीवर थाप मारली. "तू क्यों घबराता है? तेरा कैमरा तो बिल्कुल ठीक चल रहा था."