बेचाळीस न खरचटलेली मुले

जगातल्या प्रत्येक माणसाचा घोळणा कधी ना कधी फुटलेला असतो आणि त्याची हकिकत आपल्याला ऐकवल्यावाचून त्याला मोक्ष नाही, अशी आमच्या शाळेच्या डॉक्टरीणबाईंची श्रद्धा होती. त्यांच्याविषयी प्रेमाने लिहिण्याआधी एक कबुली देतो, कारण ती मी बरीच वर्षे दडवली: त्यांची प्रश्नावली घेऊन मी कोणाच्याही घरी गेलो नव्हतो.

फुलपाड्यातल्या त्यांच्या दवाखान्यात खोकला घेऊन गेलेला माणूसही दात काढल्यावर रक्त किती वेळ वाहिले, हे सांगूनच बाहेर पडे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवरदेवालाच विचारले होते, की नाकातून रक्त आले तर एक रुमाल भिजतो की दोन. 'थोडेसे' हे उत्तर त्यांना चालत नसे. रुमालात सांगावे लागे. काही मुलांचे रक्त गोठायला जरा जास्त वेळ लागतो. दोष सौम्य, म्हणून तो कोणाच्या ध्यानात येत नाही आणि एखाद्या शस्त्रक्रियेच्या वेळी एकदम उघडा पडतो, ही त्यांची काळजी. तपासण्या महाग, म्हणून त्यांनी बारा प्रश्नांचा कागद चक्रमुद्रित करून वर्गशिक्षकांना वाटला. अट एकच: प्रश्न आईला विचारायचे, तेही तिच्या घरी जाऊन. "बाप सगळ्याला नाहीच म्हणतो," त्या म्हणत. "उशीचे अभ्रे त्याने कुठे धुतलेले असतात?"

माझ्या वर्गाचे बेचाळीस कागद मी शिक्षकांच्या खोलीत बसून एका दुपारी भरले. प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही'. अक्षर मात्र सुवाच्य. 'मूल कधी पडून खरचटले आहे का?' हा सातवा प्रश्न मी वाचलाही नव्हता.

बाईंनी कागद चाळले, चष्मा पुसला. "गुरुजी, वर्गात मुलं आहेत की देव्हाऱ्यातल्या मूर्ती? एकही कधी खरचटलं नाही?"

पालक फार जपतात, असे मी हळूच म्हणालो. पुढच्या सोमवारपासून मात्र छत्री टेकत, दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्या स्वतः बेचाळीस घरे फिरल्या. खाडीकाठच्या एका घरात माझ्या वर्गातल्या मुलीची टॉन्सिलची शस्त्रक्रिया आठवड्यावर आली होती. तिची आई सहज म्हणाली, "रगत येते, पन थंड पानी मारलं का थांबते. पंचा तेवढा भिजतो."

रुमालांच्या त्या जगात पंचा प्रथमच आला होता. बाईंनी शस्त्रक्रिया थांबवली, रक्त तपासायला पाठवले, दोष सापडला. पुढे औषधांची तजवीज करूनच ती पार पडली. मुलगी हसत वर्गात परतली तेव्हा शाळेने बाईंचा सत्कार केला. टाळ्या मीही वाजवल्या.

दवाखाना बंद करून बाई वसईतल्या आपल्या वाडीत राहायला गेल्या. गेल्या वर्षी भेटायला गेलो. ऐकू कमी येत होते, पण लहानपणी माझा घोळणा फुटायचा का, हे त्यांनी चहाआधीच विचारून घेतले. दोन रुमाल, मी खरे सांगितले. मग, मान खाली घालून, उरलेलेही पुटपुटलो.

"मोठ्याने बोला, गुरुजी," बाई कानामागे हात धरून म्हणाल्या. "'नाही' लिहिताना अक्षर कसं ठसठशीत होतं तुमचं."

वर्गातही कधी आवाज न चढवलेला मी, केळींना पाणी लावणारा गडी वळून पाहील एवढ्या मोठ्याने म्हणालो, "बाई, मी एकाही आईला विचारलं नव्हतं. माझं चुकलं."