संक्रांतीच्या साडीतलं भूत

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मेलबर्नला ग्लेन वेव्हर्लीत घर घेऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती आणि लेक सात वर्षांची होती. एक दिवस शाळेतून आली ती दप्तर भिरकावतच. "आई, आम्ही हॅलोवीनला ट्रिक ऑर ट्रीटला जाणार! घोस्ट होऊन!" आम्ही म्हणजे ती आणि शेजारची तिची मैत्रीण. तेव्हा ऑस्ट्रेलियात हे खूळ फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पोरांनी टीव्हीवर पाहिलेलं, एवढंच. भुताचा वेश करायचा, दारोदार जायचं आणि खाऊ मागायचा. मी म्हटलं, "म्हणजे भीक मागायची?" नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "लहानपणी भोंडल्याला घरोघर खिरापत खात हिंडायचीस, ती काय होती?" ह्या माणसाला नको तिथे बरोब्बर आठवतं.

शेवटी मी हो म्हटलं, पण हजार अटी घालून. मी मुळातली घाबरट, आणि घाबरले की हुकूम सोडते. कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, दारातूनच परत. खाऊ मला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचा नाही. कुत्रं दिसलं की फाटकातूनच मागे फिरायचं, खाऊ गेला खड्ड्यात. आणि मी बरोबर येणार, ह्यावर चर्चा नाही. लेक म्हणाली, "घोस्टबरोबर आई नसते." मग तह झाला. मी दहा पावलं मागून चालायचं, ओळख न दाखवता.

अडलं ते चादरीवर. मैत्रीण पांढरी चादर पांघरणार होती, डोळ्यांपाशी दोन भोकं पाडून. लेकीला अगदी तस्संच व्हायचं होतं. मी कपाटातून चादर काढली, तिच्या डोक्यावरून सोडली, आणि मला माझे वडील दिसले. आदल्याच वर्षी ते गेले होते. विमान पकडून मी पुण्याला पोचले तेव्हा ते बर्फावर होते, पायापासून गळ्यापर्यंत पांढऱ्यात गुंडाळलेले. आता तसंच पांढरं माझ्या जित्याजागत्या पोरीच्या अंगावर, तेही दिवाळी तोंडावर आलेली असताना? मी चादर ओढूनच काढली.

"काळं घाल," मी म्हटलं. "काळ्याला दृष्ट लागत नाही."

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची माझी काळी साडी होती. ती दुहेरी करून तिच्या डोक्यावरून घेतली, गळ्याशी आणि खांद्यांवर सेफ्टी पिना लावल्या. पोरीनं भोकाड पसरलं. "आय वाँट व्हाइट! आम्ही ट्विन्स आहोत!" मी डोळे वटारले. म्हटलं, "आई सांगते ते तुझ्या भल्यासाठीच असतं. गप्प बस." वर कानामागे काजळाचं बोटही लावलं. इतका बंदोबस्त केला की साक्षात वेताळ आला असता तरी आल्या पावली परत गेला असता. नवरा म्हणाला, "छान दिसतेय. अमावास्या निघाली फिरायला."

आदल्या रविवारीच घड्याळं तासभर पुढे झाली होती, त्यामुळे सात वाजले तरी चांगला उजेड होता. दोघी निघाल्या, एक पांढरी, एक काळी. लेकीचं रडं कोपऱ्यापर्यंतसुद्धा टिकलं नाही. दारं उघडून लोक बघतच राहायचे. हे काय असतं, हे त्यांनाही समजावून सांगावं लागत होतं. कुणी सफरचंद दिलं, कुणी बिस्किटं. एका बाईंनी, "ही अमेरिकन थेरं आमच्याकडे नकोत," म्हणून दार लावून घेतलं, तर दोघी खिदळत माझ्याकडे पळत आल्या. ओळख दाखवायची नाही हे विसरूनच गेल्या. खरं सांगते, मलाही मजा वाटायला लागली होती.

शेवटच्या घरातल्या आजींना काही सापडेचना. बिचाऱ्या आत जाऊन डबे उघडत बसल्या. त्या केकचे दोन तुकडे घेऊन बाहेर येईपर्यंत उजेड गेला होता. माझ्या हातात टॉर्च होता, पण तो विझवलेला. समोर घर दिसतंय, सेल कशाला जाळायचे?

आमच्या घराच्या अलीकडे तीन घरं सोडून एक म्हातारे गृहस्थ राहायचे. येताजाता हात करण्यापुरती ओळख. त्यांची गाडी ड्राइव्ह-वेमधून उलटी रस्त्याकडे येत होती. पुढे पांढरं भूत होतं. गाडी थांबली. पांढरं भूत पलीकडे गेलं. माझी लेक दोन पावलं मागे होती, ती तिच्यामागून निघाली, आणि गाडी पुन्हा मागे यायला लागली.

मी ओरडले की नाही, मला आजही सांगता येत नाही. ओरडली ती मैत्रीण. मागे वळली आणि दोन्ही हातांनी धाडधाड डिकीवर बडवायला लागली. ब्रेक किंचाळले. मी पोचले तेव्हा लेक गवतावर पालथी पडली होती, आणि माझ्या साडीचं टोक गाडीच्या चाकाखाली होतं.

तिला उचललं. हात, पाय, डोकं, सगळं चाचपून पाहिलं. एक गुडघा सोलवटला होता, बास. मग माझा तोंडाचा पट्टा सुटला, आणि तोही मराठीत. "डोळे फुटले का तुमचे? माणसं दिसत नाहीत? पोर होती हो ती, पोर!" म्हातारे खाली उतरले होते. गाडीला धरून उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुन्हा पुन्हा एकच सांगत होते. पांढऱ्या चादरीतल्या पोरीला मी पाहिलं, ती जाईपर्यंत थांबलो, दुसरी मला दिसलीच नाही, सॉरी, दुसरी दिसलीच नाही.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणायची तरी सोय होती का? पोरीला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून मी तिला नखशिखांत काळ्यात गुंडाळलं होतं, आणि अंधारात ती त्या माणसाला दिसली नव्हती. मला हे तिथेच, त्या क्षणी कळलं. पण मी बोलले नाही. ते सॉरी म्हणत राहिले आणि मी त्यांना म्हणू दिलं. पोरीला कडेवर घेतलं, मैत्रिणीचा हात धरला आणि घरी आले.

गुडघा धुऊन हळद लावली. नवरा सगळं ऐकून घेऊन एकही टोमणा न मारता ताटं घ्यायला लागला, तेव्हा मला जास्तच रडू आलं. आमच्यात आईबाप मुलांची माफी मागत नाहीत. फार तर एखादा लाडू जास्त वाढतात. पण त्या दिवशी ताटावर बसल्याबसल्या मी म्हटलं, "माझं चुकलं गं. तू पांढरं म्हणत होतीस, ते मी ऐकायला हवं होतं."

ती घास चावत राहिली. मग म्हणाली, "त्या आजोबांना सांगितलंस?"

"काय?"

"की त्यांचं नाही चुकलं. ही वॉज क्राइंग, आई."

मी हातातला घास ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी तिला घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांच्या बायकोनं दार उघडलं. हलक्या आवाजात म्हणाली, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्यात. म्हणतात, आता पुन्हा चालवायची नाही." मागून ते आले. एका रात्रीत केवढे थकलेले दिसत होते! मनाशी घोकलेलं सगळं इंग्रजी मी दारातच विसरले. मग जमेल तसं सांगितलं, माझे वडील, ते पांढरं, माझी भीती. दृष्ट लागण्याला इंग्रजीत काय म्हणतात कोण जाणे. म्हटलं, "आमच्यात मुलांना काही वाईट होऊ नये म्हणून आई काळं बोट लावते. मी हिला सगळीच काळी करून टाकली. ती रडत होती तरी ऐकलं नाही. चूक माझी होती, तुमची नाही. कालच सांगायला हवं होतं, पण माझी हिंमत झाली नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात लेक माझ्यामागून पुढे झाली, गणवेशात, दोन वेण्या घातलेली, गुडघ्याला पट्टी. त्यांच्या पायपुसण्यावर नीट उभी राहिली आणि मान वर करून म्हणाली, "कॅन यू सी मी नाऊ?"

दाराला धरून ते हळूहळू खाली बसले, तिच्या तोंडासमोर तोंड येईपर्यंत. "येस, डार्लिंग," म्हणाले, "आय कॅन सी यू." तिचे दोन्ही हात त्यांनी धरले आणि रडायला लागले. तीही हात न सोडवता उभी राहिली. शाळेला उशीर होत होता. मी तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं आणि थांबले.